एका नावाच्या अनेक डिस्क: संग्रहाची सूची करतानाच्या नोंदी

५ जानेवारी

कपाटं रिकामी करून प्रत्येक डिस्क नव्याने नोंदवायला घेतली. यादी आधीपासून आहे, पण तिच्यात चित्रपटाचं नाव, दिग्दर्शक आणि साल एवढंच. पहिल्याच खणात तिचं घोडं अडलं. फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' हा मूकपट तीन वेळा सापडला आणि यादीतल्या तिन्ही ओळी हुबेहूब सारख्या. डिस्क लावून पाहिल्या तर तिन्हींवर वेगवेगळा चित्रपट.

पहिलीवर संगीतकार जॉर्जो मोरोडरची १९८४ ची आवृत्ती: रंगाच्या छटा दिलेली, वर पॉप गाणी चढवलेली, दीड तासाच्या आत संपणारी. दुसरीवर २००१ चा जीर्णोद्धार, साधारण दोन तासांचा. दृश्यं हरवलेल्या जागी मजकुराच्या पाट्या. तिसरी २०१० ची, जवळजवळ अडीच तासांची. बर्लिनला १९२७ साली पहिला खेळ झाला तेव्हा चित्रपट अडीच तासांहून थोडा मोठा होता. मग कात्री लागली आणि कापलेला भाग गेला तो गेलाच, असं सगळे धरून चालले होते. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात १६ मिमीची जवळपास पूर्ण प्रत निघाली. ती ओरखड्यांनी भरलेली, शिवाय चौकटीचा काही भाग त्या लहान फिल्मवर उतरलाच नव्हता. त्यामुळे सापडलेली दृश्यं सुरू झाली की पडद्यावर पाऊस पडायला लागतो आणि कडेला काळी पट्टी येते. मला ते पटतं. कुठला तुकडा कुठून आला हे लपवलेलं नाही.

तर निर्णय असा: सूचीतली एक ओळ म्हणजे चित्रपट नव्हे, आवृत्ती. रकाने असे: घड्याळ लावून मोजलेला वेळ, चौकटीचं गुणोत्तर (रुंदी : उंची), चित्र कशावरून घेतलं (मूळ निगेटिव्ह, तिची नक्कल म्हणजे ड्यूप, प्रिंट), संगीत, सबटायटल, विभाग, आणि डिस्कची प्रकृती. शेवटी एक मोकळा रकाना, माझ्या शेऱ्यासाठी.

११ जानेवारी

वेळ मोजताना भाचा मदतीला बसला. त्याने लगेच पकडलं: "मामा, ही युरोपातली डीव्हीडी पाच मिनिटांनी छोटी आहे. सेन्सॉरने कापली का?"

कापलेली नाही, पळवलेली आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. युरोपातला 'पाल' पद्धतीचा टीव्ही सेकंदाला २५ दाखवतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे चित्रपटच २५ च्या वेगाने चालवायचा. चार टक्के फरक डोळ्याला कळत नाही, पण १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटांत उरकतो. आवाजही अर्धस्वराहून (सेमीटोनहून) थोडा कमी चढतो. ओळखीचं गाणं असेल तर कानाला लगेच खटकतं, आणि भारदस्त आवाजाचा नट उगाच तरुण वाटायला लागतो. अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीत वेळ जवळपास तोच राहतो, पण २४ चौकटी साठ अर्धचौकटींत बसवायला एक चौकट दोनदा, पुढची तीनदा अशी कसरत असते. कॅमेरा आडवा सरकला की चित्र अडखळतं ते त्यामुळे.

ब्लू-रेवर २४ चौकटी जशाच्या तशा ठेवता येतात, म्हणून हा घोळ संपायला हवा होता. काही ब्लू-रे मात्र टीव्हीसाठी केलेल्या २५ च्या मास्टरवरूनच काढलेल्या असतात. तेव्हा ब्लू-रे आहे म्हणून मोजायचं टाळायचं नाही.

भाच्याने सूचीत सूत्र घातलं: पालची वेळ गुणिले २५, भागिले २४. आता दोन डिस्कच्या वेळांत फरक दिसला की आधी हे सूत्र, मग संशय.

१९ जानेवारी

मूकपटांचा खण. इथे वरचं सूत्र उपयोगाचं नाही. बोलपट आल्यावर २४ हा वेग पक्का झाला, कारण आवाजाला स्थिर वेग लागतो. त्याआधी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरे. सोळापासून चोवीसपर्यंत कुठलाही वेग सापडतो, कधी एकाच चित्रपटात दोन. चित्रीकरणाचा वेग एक आणि थिएटरातल्या ऑपरेटरचा दुसरा, असंही सर्रास होई. त्यामुळे डिस्क काढणाऱ्याला वेग ठरवावा लागतो, आणि तो ठरवला की चित्रपटाचा स्वभावच ठरतो.

कार्ल थिओडोर ड्रायरच्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क' (१९२८) इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. 'मास्टर्स ऑफ सिनेमा' या ब्रिटिश डिस्क-मालिकेने २०१२ मध्ये काढलेल्या ब्लू-रेवर तो २० चौकटींच्या आणि २४ चौकटींच्या, अशा दोन्ही वेगांनी आहे. एक सुमारे ९७ मिनिटं, दुसरी सुमारे ८१. चौकटी त्याच, कापाकापी काही नाही, आणि तरी सोळा मिनिटांचा फरक. आज दोन्ही सलग पाहिल्या. २० च्या वेगात जोनच्या डोळ्यांतलं पाणी भरत जाताना दिसतं, न्यायाधीश बोलायच्या आधी थांबतो ते कळतं. २४ मध्ये चौकशीला धार येते, प्रश्नावर प्रश्न आदळतात आणि तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. माझा कौल २० ला. पण २४ वाल्यांचं म्हणणं ऐकून न घेता तो देता आला नसता, म्हणून दोन्ही वेग देणारी डिस्क मला एका 'अधिकृत' वेगाच्या डिस्कपेक्षा मोलाची वाटते.

या चित्रपटाची कहाणीही सूचीत यायला हवी, कारण तिच्यामुळेच बाजारात दोन जातीच्या डिस्क आहेत. मूळ निगेटिव्ह १९२८ च्या डिसेंबरात बर्लिनला जळाली. ड्रायरने न वापरलेल्या शॉट्समधून चित्रपट पुन्हा उभा केला, तर पुढच्या वर्षी त्याचीही निगेटिव्ह जळाली; आगीतून फुफाट्यात म्हणतात ते अक्षरशः. पुढे चित्रपट-इतिहासकार लो दुका यांनी 'गोमाँ' या फ्रेंच चित्रपट कंपनीच्या साठ्यात सापडलेल्या दुसऱ्या आवृत्तीवर बरोक संगीत चढवून ती १९५० च्या दशकात दाखवायला सुरुवात केली, आणि बराच काळ जगाने 'जोन' म्हणून तीच पाहिली. पहिल्या आवृत्तीची उत्तम प्रत १९८१ मध्ये ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात निघाली. म्हणजे माझ्याकडच्या जुन्या, नाव-गाव नसलेल्या डीव्हीडीवर जे आहे ते ड्रायरने पहिल्यांदा निवडलेले शॉट्स नव्हेत, दुसऱ्या निवडीतले आहेत. चेहरे तेच, बहुतेक रचनाही तीच, पण अभिनयाचा टेक वेगळा. शेजारी शेजारी लावून पाहिलं तरच उमगतं.

शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ही डीव्हीडी टाकू नये.

संगीताचाही घोळ आहेच. मूकपटाच्या दोन डिस्कवर दोन संगीतं असतील तर त्या माझ्या लेखी दोन आवृत्त्या. 'जोन'साठी रिचर्ड आइनहॉर्नची 'व्हॉइसेस ऑफ लाइट' (१९९४) ही रचना खूप वाजते. सुरेख आहे, पण ती एवढी भरून राहते की मी दुसऱ्या खेपेला आवाज बंद करतो.

२ फेब्रुवारी

गुणोत्तरं. टेप घेऊन पडद्यावरचं चित्र मोजतोय म्हणून घरात करमणूक झाली.

फ्रिट्झ लांगचा 'एम' (१९३१) जवळजवळ चौरस आहे, १.१९ : १. आवाजाची पट्टी फिल्मवरच छापायला लागल्यावर चित्राच्या बाजूची जागा गेली आणि काही वर्षं चौकट अशी उभट राहिली. जुन्या डिस्कवर हाच चित्रपट १.३३ करून टाकलेला असतो, म्हणजे वरून किंवा खालून चित्र छाटलेलं. लांग चौकटीच्या वरच्या काठाशी खेळतो, तिथेच कात्री.

ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) याच्या उलट. त्या सुमारास चित्रीकरण पूर्ण चौकटीत होई आणि थिएटरात वरखाली झाकून रुंद दाखवलं जाई. मग वेल्सच्या मनात कुठली चौकट होती यावर वाद. त्यात चित्रपटाची रूपंही तीन: प्रदर्शित झालेलं सुमारे दीड तासाचं, नंतर सापडलेलं पूर्वप्रदर्शनाचं लांब रूप, आणि वेल्सने स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी टिपणाबरहुकूम वॉल्टर मर्चने १९९८ मध्ये संकलित केलेलं. २०११ च्या 'मास्टर्स ऑफ सिनेमा'च्या ब्लू-रेने रूपं आणि चौकटी मिळून एकाच संचात पाच पर्याय दिले. पहिला तीन मिनिटांहून लांब शॉट नावाच्या पाट्यांसकट आणि हेन्री मॅन्सिनीच्या संगीतासकट पाहावा, मग मर्चच्या रूपात, जिथे पाट्या नाहीत आणि संगीताच्या जागी रस्त्यावरच्या दुकानांतून, गाड्यांतून येणारे आवाज आहेत. वेल्सला रस्ता ऐकवायचा होता. तरी खरं सांगतो, मॅन्सिनीचे बोंगो मला सुटत नाहीत.

सूचीत याचा एक संच, पण ओळी पाच.

३ फेब्रुवारी

विभाग, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याचं कुलूप. डीव्हीडीचे सहा, ब्लू-रेचे ए, बी, सी असे तीन, ४के यूएचडीला विभागच नाहीत. दुर्मिळ गोष्टी हटकून दुसऱ्याच विभागात निघालेल्या असतात. संगणकातल्या डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग पाचदा बदलता येतो, नंतर तो कायमचा अडकतो. म्हणून एक जुना ड्राइव्ह एका विभागाला वाहून टाकलेला बरा. बाकी सर्व विभाग वाजवणारा प्लेअर हाच इलाज.

१५ फेब्रुवारी

डिस्कची प्रकृती. दिव्याखाली तिरपी धरून एकेक.

आधी छापील की भाजलेली, ते पाहायचं. कारखान्यात साच्यावर दाबलेली डिस्क वाचायच्या बाजूने चंदेरी किंवा सोनेरी झाक मारते. भाजलेल्या, म्हणजे लेसरने लिहिलेल्या डिस्कला रंगद्रव्य असतं, म्हणून ती जांभळट किंवा निळसर दिसते. मधल्या छिद्राभोवतीच्या कड्यात बारीक अक्षरांत 'आयएफपीआय' आणि पुढे सांकेतिक अक्षरं असली तर मास्टर आणि साचा कुठल्या कारखान्याचा हे कळतं. १९९४ पासून ही पद्धत आहे. भिंग लागतं. दुर्मिळ म्हणून घेतलेल्या डिस्कपैकी काहींवर छापील वेष्टन झकास आणि आत जांभळी चकती. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे. पण जांभळी दिसली की नकलीच, असंही नाही. कमी खपाचे जुने चित्रपट मागणीनुसार एकेक डिस्क लिहून विकण्याची रीत वॉर्नर आर्काइव्हने २००९ मध्ये सुरू केली आणि सुरुवातीच्या त्या डिस्क रीतसर असूनही लिहिलेल्याच आहेत. त्या मी वेगळ्या खणात ठेवल्या. रंगद्रव्य उन्हाने आणि काळाने उतरतं, त्यामुळे त्यांची तपासणी जास्त वेळा करायची.

छापील डिस्कही अमर नाही. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिमीच्या दोन चकत्या मध्ये डिंक घालून चिकटवलेल्या. काठाकडून डिंक सुटला की हवा आत शिरते आणि परावर्तक थर काळवंडतो. कॉफीच्या डागासारखे किंवा ढगाळ पट्टे दिसतात. दोन थरांच्या डिस्कमध्ये हे जास्त, आणि पहिला तास नीट चालून नेमका दुसरा थर सुरू होताना चित्र गोठतं. ब्लू-रेत माहिती पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमी आत असते. वरचा लेप कडक असल्याने सहज ओरखडा उठत नाही, पण उठलाच तर डीव्हीडीसारखी घासून दुरुस्ती करायला जागा नाही.

पुसायचं ते मध्यापासून काठाकडे, सरळ. गोल फिरवून पुसलं तर पडणारा ओरखडा माहितीच्या रेषेसोबत धावतो आणि चुका एकत्र साचतात. ॲसिटोनच्या वाऱ्यालाही नको, डिस्कचं प्लास्टिक (पॉलिकार्बोनेट) दुधाळतं. वर कागदी लेबल चिकटवू नये, तोल जातो. खोक्यातून काढताना मधलं बटण दाबायचं आणि चकती वाकू द्यायची नाही. काही खोक्यांचे दात एवढे घट्ट असतात की ते बदलून टाकले. मूळ खोकं रिकामं, वेष्टनासकट, माळ्यावर.

२३ फेब्रुवारी

वाचन-चाचणी. पहिल्या सेकंदापासून शेवटापर्यंत डिस्क वाचायला लावायची आणि त्रुटींचा आलेख काढायचा. डीव्हीडीसाठी मर्यादा ठरलेली आहे: सलग आठ ब्लॉकमध्ये अंतर्गत त्रुटी २८० च्या खाली हव्यात. सगळे ड्राइव्ह हा आकडा सांगत नाहीत. जे सांगतात त्यांचेही आकडे आपापसांत जुळत नाहीत, म्हणून एकच ड्राइव्ह, एकच वेग. मला आजचा आकडा फारसा नको आहे. पुढच्या वर्षी तीच डिस्क त्याच ड्राइव्हवर लावल्यावर आलेख चढला का, ते हवं. काठाकडे चढत जाणारा आलेख दिसला की ती डिस्क 'पर्याय शोधा'च्या यादीत.

९ मार्च

दाण्यांबद्दल एकदाचं लिहून टाकतो, कारण शेऱ्याच्या रकान्यात मी तेच तेच खरडतोय.

फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांनी, रंगीत असेल तर रंगाच्या ठिपक्यांनी बनलेलं असतं. दाणा हा चित्रावर पडलेला मळ नाही, चित्र त्याचंच आहे. तो 'साफ' केला की त्वचेवरची छिद्रं, सुताचा पोत, दूरच्या झाडाची पानं हेही निघून जातं आणि चेहरे मेणाचे होतात. मग कडा कृत्रिमपणे तीक्ष्ण करायच्या, म्हणजे प्रत्येक आकृतीभोवती पांढरी रेघ. खोक्यावर मात्र 'संपूर्ण नूतनीकरण'. त्यापेक्षा चार ओरखडे असलेली, हात न लावलेली प्रत परवडली.

'जीर्णोद्धार' हा शब्द खोक्यावर असला तरी स्रोत लिहिलेला नसेल तर माझ्या सूचीत तो रकाना रिकामा. चांगले प्रकाशक आतल्या पुस्तिकेत स्पष्ट लिहितात: कुठल्या संस्थेकडची निगेटिव्ह, किती रीळं दुसरीकडून, रंग कुणाच्या देखरेखीखाली. त्या पुस्तिका हरवू नयेत म्हणून आता स्कॅन करतोय. हे काम वेळखाऊ आहे आणि सर्वांत आनंदाचं.

कालच्या पुस्तिकांतलं एक. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळल्या. जळकी, ठिसूळ रीळं टाकून दिली नाहीत. वीस वर्षांनी बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ती पुन्हा ओलसर करून, छिद्रं हाताने दुरुस्त करून स्कॅन केली. 'पथेर पांचाली'ची सुमारे ४० टक्के आणि 'अपराजितो'ची ६० टक्क्यांहून अधिक निगेटिव्ह वापरता आली. उरलेलं ड्यूप आणि प्रिंटवरून. 'अपुर संसार'च्या निगेटिव्हमधलं काहीच वापरता आलं नाही. हे वाचून पाहायला बसलं की एखाद्या दृश्यात दाणा अचानक जाड होतो त्याचा अर्थ लागतो.

किम की-यंगच्या 'द हाउसमेड' (१९६०) मध्येही तसंच. निगेटिव्हची दोन रीळं गहाळ. ती ज्या निर्यातीच्या प्रिंटवरून घेतली तिच्यावर हाताने लिहिलेली इंग्रजी सबटायटलं चित्रातच उमटवलेली. ती अक्षरं डिजिटल पद्धतीने पुसली आहेत. दोन रीळं कुठली ते लक्ष देऊन पाहणाऱ्याला कळतं.

२२ मार्च

दुर्मिळ म्हणजे नक्की काय, यावर भाच्याशी वाद. त्याचं मत: ऑनलाइन कुठेच नाही ते दुर्मिळ. मी म्हटलं, ऑनलाइन आज असलेलं उद्या असेल याची हमी कुणी दिली? आणि तिथे कुठली आवृत्ती आहे ते सांगतं कोण?

दुर्मिळतेची कारणं वेगवेगळी आहेत आणि शोधायची रीत त्यावर अवलंबून. एक, साधनच नाही: प्रत हरवलेली. मोहम्मद रेझा अस्लानीचा 'चेस ऑफ द विंड' (१९७६) असाच गेला म्हणून समजलेला; २०१४ मध्ये तेहरानच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात त्याची रीळं निघाली, २०२० मध्ये जीर्णोद्धार झाला आणि मग डिस्क. इथे वाट पाहण्याखेरीज काही करता येत नाही. दोन, साधन आहे पण हक्कांचा गुंता. आबेल गान्सचा 'नेपोलियन' (१९२७) केविन ब्राउनलो यांनी आयुष्यभर तुकडे जमवून उभा केला, त्याला कार्ल डेव्हिस यांचं संगीत. साडेपाच तासांची ही आवृत्ती हक्कांच्या भांडणांत अडकून २०१६ मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या डिस्कवर आली. तीन, डिस्क निघाली पण परवान्याची मुदत संपली. 'क्रायटेरियन' या अमेरिकी डिस्क-प्रकाशकाच्या अगदी पहिल्या ब्लू-रेंपैकी 'द थर्ड मॅन' डिसेंबर २००८ मध्ये आला आणि २०१० मध्ये हक्क 'स्टुडिओकॅनल' या फ्रेंच कंपनीकडे परत गेल्यामुळे दुकानांतून नाहीसा झाला. इथे चित्रपट दुर्मिळ होत नाही, डिस्क होते. तिच्यामागे धावायचं की नाही हे तिच्यावर असं काय आहे जे नव्या डिस्कवर नाही, यावर ठरवायचं. बहुतेक वेळा उत्तर असतं एखादी समालोचनाची ध्वनिपट्टी किंवा एखादी मुलाखत.

भाचा म्हणाला, "म्हणजे तिसऱ्या प्रकारात तुम्ही खोकं जमवता." वेष्टनासकटचे दोन-तीन संच त्याने बोट दाखवून सिद्धही केले. तो मुद्दा मी पुढच्या खेपेवर ढकलला.

५ एप्रिल

दुहेरी डिस्कची छाटणी. नियम असा केला: नवी डिस्क आली की जुनीवरचं प्रत्येक रूप, प्रत्येक ध्वनिपट्टी, प्रत्येक पूरक चित्रफीत नवीत आहे का ते सूचीत ताडून पाहायचं. सगळं असेल तरच जुनी द्यायची. हा नियम लावल्यावर फार थोड्या डिस्क बाहेर पडल्या. ब्लू-रेवर चित्र सुधारतं, पण डीव्हीडीवरचं समालोचन पुष्कळदा गळतं, आणि मूळ एकध्वनी पट्टी काढून पाच दिशांचा आवाज घातलेला असतो. दारावरची थाप मागच्या स्पीकरमधून आली की मी वळून पाहतो आणि चित्रपट निसटतो.

'मेट्रोपोलिस'च्या तिन्ही राहिल्या. मोरोडरचीसुद्धा.

१२ एप्रिल

पूर्वेकडचं कपाट संपलं. लेसरडिस्क अजून हातात घेतलेल्या नाहीत. त्यांच्यावरचं चित्र ॲनालॉग, चकती ३० सेंटिमीटरची, आणि वाजवणारा प्लेअर पट्टे बदलून मिळाल्याशिवाय वेळही मोजता येणार नाही. सूचीत त्यांच्यासाठी 'बाजू' असा जादा रकाना लागेल, कारण चित्रपट मध्येच उलटावा लागतो आणि कुठे उलटायचा हे प्रत्येक प्रकाशकाने आपल्या मर्जीने ठरवलेलं आहे. पट्टे मागवले आहेत. तोवर पुस्तिकांचं स्कॅनिंग.